चौथा माईक

बुधवारी दुपारी दीड वाजता व्हॅन दारात उभी होती, हार्प आत चढवून पट्ट्यांनी बांधून झाली होती, आणि बाबा अजून चुलीजवळच्या स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत होते.

"बाबा, चर्चमध्ये तुमचे बूट कोण बघणार आहे?" नेसा मोठ्यानं म्हणाली. त्यांच्याशी मोठ्यानंच बोलावं लागे.

"पहिल्या बाकावरच्या बायका. त्या डोळे मिटून बसतात असं तुला वाटतं. एक डोळा उघडा असतो."

मॅलकी पॅडन दारातून डोकावला. साठीतला धिप्पाड माणूस, चाळीस वर्षं पोस्टमन होता आणि आता गटात बासरी वाजवायचा. "काय फेस्टस, लग्नबिग्न ठरलंय की काय?"

"ठरलं असतं तर तुला आमंत्रण नसतं," बाबा म्हणाले आणि दुसरा बूट घेतला.

बाहेर समुद्रावरून येणारं वारं अंगणातल्या पत्र्याखाली शिरत होतं. नोव्हेंबर लागला होता. या महिन्यात आमच्या इकडे मृतांची नावं वाचतात. प्रत्येक चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची यादी वेदीपाशी ठेवलेली असते, आणि ज्यांचं माणूस गेलं ते येऊन बसतात. त्यामुळे गटाला नोव्हेंबरात श्वास घ्यायला सवड नसे.

गटाचं नाव 'तोबर', म्हणजे झऱ्याची विहीर. माणसं चार. असम्प्टा गायची. ती पूर्वी नन होती, वीस वर्षं मद्रासकडे काढून परत आली आणि मग मठही सोडला. मॅलकीची जाड, खालच्या पट्टीची बासरी. नेसाची हार्प. आणि बाबांचा खर्ज. असम्प्टानं मद्रासहून आणलेली सूरपेटी मांडीवर घेऊन ते तिचा भाता हलवत आणि तिच्या सुरात आपला आवाज लावत. शब्द नाहीत, चाल नाही, एकच खोल सूर, ज्यावर बाकीचे तिघं उभे राहत.

खरं तर सुरुवात त्या सुरानंच झाली होती. दहा वर्षांपूर्वी नेसाची आई अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटचे दोन महिने तिला गोळ्यांनी झोप येईना. बाबा उशाशी बसून तिचा हात धरून नुसता एक सूर धरून ठेवायचे, तासन् तास. ती त्यावर झोपायची. नर्सनं ते दुसऱ्या घरी सांगितलं, दुसऱ्या घरानं फादरना. आई गेल्यावर नेसा डब्लिनमधली नोकरी सोडून हार्प घेऊन परत आली, असम्प्टा आणि मॅलकी आले, आणि बघता बघता दोन परगण्यांतली आजारी, खचलेली, मागे राहिलेली माणसं या चौघांना ऐकायला येऊ लागली. बरं वाटतं, म्हणायची. नेसानं त्यावर कधी मत दिलं नाही. पण माणसं येताना जशी दिसत आणि जाताना जशी दिसत त्यात फरक असे, हे तिनं पाहिलं होतं.

त्या दिवशीचं चर्च पस्तीस मैलांवर होतं. तिथं पोचल्यावर नेहमीचा क्रम झाला. नेसानं स्पीकर लावले, चार माईक उभे केले, तारा जोडल्या आणि आवाज कमीजास्त करायचा पट्ट्यांचा डबा आपल्या डाव्या गुडघ्याशी ठेवला. चार माईकना चार पट्ट्या. असम्प्टाची वर, मॅलकीची तिच्या जरा खाली, हार्पची मध्यावर.

चौथी पट्टी तळाशी होती. गेली पावणेचार वर्षं ती तळाशीच होती.

बाबांचे कान गेले तसा त्यांचा सूर उतरू लागला. आधी केसभर, मग बोटभर. श्रवणयंत्र होतं, पण गाताना ते शीळ घालायचं म्हणून काढून खिशात ठेवत. वरचा आवाज चुकला तर एकट्याचा चुकतो. खर्ज उतरला की सगळं घर एका बाजूनं खचतं. असम्प्टानं एकदा तिच्या स्वयंपाकघरात विचारलं होतं, "मी वर चढतेय की फेस्टस खाली जातोय? मला वेड लागायची पाळी आलीय." मॅलकी चहात साखर ढवळत राहिला होता. मग म्हणाला होता, "नेसा, मुलगी तू आहेस. तूच सांग त्यांना." नेसा सांगते म्हणाली. चार दिवस तिनं वाक्यं जुळवली. पाचव्या दिवशी, फेब्रुवारीत, संत ब्रिजिडच्या सणाला कार्यक्रम होता. तिथं ऐन सुरुवातीला तिनं चौथी पट्टी खाली ओढली. आजच्यापुरती, असं तिनं स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी लोक म्हणाले, 'तोबर' इतकं सुंदर कधीच वाजलं नव्हतं.

मग पुढच्या वेळी पट्टी वर न्यायला कारण उरलं नाही. सूरपेटीला वेगळा माईक नव्हता, पण तिचा आवाज असम्प्टाच्या माईकमधून पुरेसा येई. स्पीकरमधून खर्ज ऐकू येत होता, तो पेटीचा होता, आणि बाबा डोळे मिटून, छाती भरून, ओठ गोल करून बसलेले असत. बघणाऱ्याला काही कळायचं कारण नव्हतं.

बुधवारीही तसंच झालं. एकोणतीस नावं वाचली गेली. प्रत्येक नावाला कुणीतरी उठून मेणबत्ती लावली. एका नावाला कुणीच उठलं नाही, तेव्हा फादरनी स्वतः लावली. शेवटी डेलिया गॉन पुढे आली. तिचा मुलगा दोन हिवाळ्यांपूर्वी बोटीवरून गेला, सापडला नाही, आणि तेव्हापासून 'तोबर' असेल तिथं ती बस बदलत येई. ती बाबांसमोर गुडघ्यांवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात धरून बराच वेळ तशीच राहिली.

"काय म्हणाली?" तारा गुंडाळताना नेसानं विचारलं.

"मला कुठं ऐकू येतंय. हात गार होते तिचे."

परतताना चिप्स घेतल्या, व्हॅनमध्येच खाल्ल्या. काचांवर वाफ धरली. मॅलकी आणि बाबांचा नेहमीचा वाद झाला, व्हिनेगर जास्त की मीठ जास्त. असम्प्टा म्हणाली की दोघांच्या रक्तदाबाला दोन्ही जास्तच आहे. घर जवळ आलं तेव्हा बाबांनी पुढच्या सीटवरून मान वळवली आणि दर कार्यक्रमानंतर विचारत ते विचारलं.

"आज कसं झालं माझं, पोरी?"

"छान झालं, बाबा," नेसा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले.

गुरुवारी सकाळी ते टोपली घेऊन जळणासाठी टर्फच्या, म्हणजे वाळवलेल्या दलदलीच्या मातीच्या, लाद्या आणायला शेडमध्ये गेले. नेसानं पाव कापून ठेवला, चहा ओतला, त्यावर बशी झाकली. बशी उचलून पाहिली तर चहा कोमट झाला होता. ती शेडमध्ये गेली. बाबा टर्फच्या ढिगाला पाठ लावून बसले होते, टोपली अर्धी भरलेली. हातातली लादी खाली ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, क्षणभरही लागला नसेल. सगळे डॉक्टर असंच सांगतात.

अकराच्या बातम्यांनंतर स्थानिक रेडिओवर मयतांच्या यादीत नाव आलं, फेस्टस लाव्हेल, आणि दुपारपासून माणसं येऊ लागली. आरसा झाकला, घड्याळ थांबवलं. हॉलमधून खुर्च्या आणि मोठी किटली आली. शवपेटी पुढच्या खोलीत, खिडकीखाली, उघडी ठेवली. शेजारणींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि नेसाच्या हातात कुणी काही लागू देईना. हॅमच्या सँडविचेसचे डोंगर रचले गेले. येणारा प्रत्येक जण तिचा हात हातात घेऊन "तुझ्या दुःखात आम्ही आहोत" म्हणे, मग पेटीपाशी जाऊन बाबांच्या हातांवर हात ठेवी आणि त्यांच्याशी बोले. आमच्याकडे तशीच रीत आहे. मेलेल्या माणसाशी घरात असेपर्यंत बोलतात. "काय रे फेस्टस, पाच युरो राहिलेच माझ्याकडे," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "कोंबड्यांना मी बघतो, तू काळजी करू नकोस." कुणी हसलं, कुणी नाक पुसलं.

शुक्रवारी दुपारी डेलिया गॉन आली. दोन बस बदलून आली होती, कोट भिजलेला. पेटीपाशी उभी राहून ती बाबांशी काहीच बोलली नाही. मग फादर, असम्प्टा आणि नेसा जिथं बसले होते तिथं आली.

"उद्या अंत्यविधीच्या मिस्सेत त्यांचा आवाज लावा," ती म्हणाली. "प्रसादानंतर. तुमच्याकडे असेलच ना ध्वनिमुद्रण. तो खालचा आवाज. बाकी काही नको, नुसता तेवढाच."

"छान कल्पना आहे," फादर म्हणाले.

"दोन वर्षं मी त्याच्यावर पाठ टेकून बसलेय. बाईची गाणी सुंदर असतात, रागावू नकोस हं असम्प्टा, पण मी येत होते ते त्याच्यासाठी."

असम्प्टानं नेसाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"बघते," नेसा म्हणाली. "प्रत्येक कार्यक्रमाचं मुद्रण आहे."

ते खरं होतं. पट्टी खाली असली तरी ती स्पीकरपुरतीच. डब्यात घातलेल्या कार्डावर चारही माईक वेगवेगळे नोंदवले जात. असम्प्टाच्या हट्टानं ती सवय लागली होती. कार्डं बिस्किटांच्या डब्यात पडत, लेबलं लावलेली, आणि पुन्हा कुणी ऐकत नसे. पावणेचार वर्षांचा बाबांचा आवाज त्यात होता. उतरलेला असेल, पण पेटीचा भाता थांबल्यावरचा तुकडा एकटाच लावला तर उतरला आहे हे कुणाला कळणार? सुराला शेजारी लागतो तेव्हाच तो खोटा ठरतो. हे सुचलं तेव्हा नेसाला दोन दिवसांत पहिल्यांदा हायसं वाटलं. ती कार्डांचा डबा आणि लॅपटॉप घेऊन व्हॅनमध्ये जाऊन बसली. घरात बसायला जागाच नव्हती.

बुधवारचं कार्ड घातलं. बाकीचे तीन माईक बंद केले, चौथा उघडला, हेडफोन लावले.

सूरपेटीचा अखंड सूर, भात्याची खसखस. श्वास. खोकल्याची गोळी दाताला लागल्याचा टकटक आवाज. दुरून असम्प्टा गात होती, भिंतीपलीकडून यावी तशी. श्वास आत गेला, बाहेर आला. बाबांचा आवाज नव्हता.

तिनं कार्ड पुढे सरकवलं. एकोणतीस नावांच्या वेळचा श्वास. डेलियाचं काहीतरी पुटपुटणं. आवाज कुठंच नव्हता.

ऑक्टोबरचं घातलं. ईस्टरचं. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. माईक बिघडला म्हणावा तर श्वास स्वच्छ येत होता, गिळल्याचाही आवाज येत होता, बूट लाकडावर सरकल्याचाही. तिसऱ्या वर्षाचं. दुसऱ्या वर्षाचं. भाता, श्वास, भाता. नेसा कार्डं काढत होती, घालत होती, काढलेली मांडीवर साठत होती. शेवटी तळाशी एक उरलं, त्या फेब्रुवारीचं.

त्यात आवाज होता. पहिल्याच गाण्याला बाबांनी सूर धरला, किंचित उतरलेला, भरीव. दोन श्वास तो चालला. मग लाकडावर काहीतरी टेकल्याचा बद्द आवाज आला, आणि त्यांचा सूर मध्येच थांबला.

तो आवाज तिनं ओळखला. कान गेल्यापासून बाबा गाताना उजवा तळहात शेजारच्या स्पीकरच्या खोक्यावर ठेवायचे. कानानं कळत नाही ते हाताला कळतं, म्हणायचे. त्या फेब्रुवारीनंतर त्यांनी ते बंद केलं होतं. बरं झालं, वाईट दिसायचं, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

मुद्रणात बाबांनी पुन्हा सूर लावला, आखूड. थांबले. आणखी एकदा लावला, त्याहून आखूड, रिकाम्या घरात कुणी आहे का विचारावं तसा. मग नाही. मग भाता आणि श्वास, तासभर. मग टाळ्या, बाक सरकल्याचे आवाज, तारा गुंडाळण्याची खडखड, आणि एकदम जवळून बाबा म्हणाले, "आज कसं झालं माझं, पोरी?"

"छान झालं, बाबा." हा तिचा स्वतःचा आवाज, मोठ्यानं, घाईत.

पेटीचा भाता मिटल्याची खसखस.

"बरं."

व्हॅनची काच वाजली. मॅलकी उभा होता, एका हातात चहा, दुसऱ्यात बशी. ती उघडेना म्हणून त्यानं कोपरानं दार सरकवलं आणि शेजारी येऊन बसला. कोटाच्या खिशातून एक सीडी काढून समोर ठेवली. गटाची पहिली सीडी, नऊ वर्षांपूर्वीची.

"यातलं चौथं गाणं. शेवटी फेस्टस एकटाच आहे, पाऊण मिनिट. तेव्हा सूर घट्ट होता त्याचा. हे लाव आणि मोकळी हो. डेलियाला काय कळतंय कुठल्या सालातला."

नेसानं हेडफोन काढून त्याच्या हातात दिले. त्यानं लावले नाहीत.

"ते गात नव्हते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

मॅलकी चहाच्या कपात बघत राहिला.

"तुला माहीत होतं."

"उन्हाळ्यात कळलं. गेल्याच्या आदल्या. गाताना घसा हलतो माणसाचा. त्याचा हलत नव्हता. मी विचारलं त्याला, नाक्यावर, पबमध्ये."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, ती सांगेल. वेळ घेते ती, पण सांगते. लहानपणापासून तशीच आहे, म्हणाला. खिडकीची काच फोडली होतीस म्हणे, नऊ दिवसांनी सांगितलंस." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "मी म्हटलं, मी सांगतो तिला, संपवून टाकू. तर माझा दंड धरला. म्हणाला, तू मध्ये पडू नकोस. मी विचारत असतो तिला दर वेळी. दार उघडं ठेवलंय."

वाऱ्यानं व्हॅन हलली. अंगणातून दोन बायका बशा झाकून धावत घरात गेल्या.

"मला खडसावून विचारायचं होतंत, बाबा," नेसा म्हणाली. "ते घरी राहिले असते. कोंबड्या होत्या, पत्ते होते. पावणेचार वर्षं पस्तीस पस्तीस मैल येऊन ओठ हलवत बसायचं..." ती थांबली. कुणाला बोलत होती तिचं तिलाच कळेना.

"ऐक. मेलेल्याला याचं काही नाही. जिवंतांचं बघ. ती बाई आत बसलीय, तिच्या पोराचं थडगं नाही कुठं. तिला फेस्टसचा आवाज हवाय, देऊन टाक. आता खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे? तुझं?"

"माझं नाही होणार."

"मग?"

नेसानं सीडी उचलून पाहिली. पाठीमागे चौघांचा फोटो होता. बाबा हसत होते, उजवा हात खाली कशावर तरी टेकलेला, चौकटीबाहेर. मॅलकीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाऊण मिनिटाचा तो सूर खरा होता, त्यांचाच होता. उद्या तो चर्चभर घुमला असता, डेलियानं डोळे मिटले असते, फादरनी मान डोलावली असती, आणि कुणीतरी येऊन नेसाचा हात धरून म्हणालं असतं की किती छान झालं.

तिनं सीडी मॅलकीच्या मांडीवर ठेवली आणि उतरली.

पुढच्या खोलीत जपमाळेची तयारी चालली होती. लोक भिंतीला लागून उभे होते, म्हातारे खुर्च्यांवर. मेणबत्त्यांच्या उजेडात बाबांचे बूट पेटीच्या पायथ्याशी दिसत होते. शेवटी त्यांना बूट घालायचं नेसानंच सांगितलं होतं, मेलेल्याच्या पायांत कुणी बूट घालत नाही तरी. असम्प्टा खिडकीपाशी होती. डेलियानं मान वर केली.

"सापडला का गं?"

"नाही," नेसा म्हणाली. "नाहीये तो."

ती पेटीपाशी गेली. बाबांच्या हातांवर हात ठेवला. ते हात दगडासारखे गार होते आणि उजवा वर होता. खोलीत दबक्या आवाजात बोलणं चालू होतं, तसंच तीही बोलली असती तर चाललं असतं, सगळे तसंच बोलत होते. पण बाबांशी बोलायचा तिचा आवाज एकच होता, मोठा. तोच आला, आणि स्वयंपाकघरातल्या बशांची खडखड थांबली.

"बाबा, तुमचा माईक मी बंद केला होता. तुमचा सूर उतरत होता आणि तुम्हाला सांगायचं धैर्य मला झालं नाही. तुम्ही दर वेळी विचारलंत आणि दर वेळी मी खोटं बोलले."

डेलिया उभी राहिली होती, तोंडावर हात.

"तुम्ही गायचं सोडून दिलंत," नेसा म्हणाली, "आणि मी तुमच्या शेजारी बसून होते, आणि मला कळलं नाही."